नकाराला जागा

दुकानातून आणलेल्या पक्ष्याला आपण घरी आलो आहोत हे माहीत नसतं. ओळखीचे आवाज एकाएकी थांबले, अंधाऱ्या खोक्यात बराच वेळ हादरे बसले आणि मग डोळ्यांसमोर मोठाले चेहरे आले, एवढंच त्याला कळलेलं असतं. आनंद घरातल्यांना झालेला असतो. पक्षी जीव मुठीत धरून बसलेला असतो.

बजी या छोट्या पोपटाचं वजन ३० ते ४० ग्रॅम. गाणारी कॅनरी त्याहूनही हलकी. एवढासा जीव साऱ्या जगाला एकच प्रश्न विचारत असतो, हे मला खाणार का? त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, कुठूनही काही आलं तरी दिसावं म्हणून. आपले दोन्ही डोळे समोर, मांजराचे आणि घुबडाचे असतात तसे. पिंजऱ्याला नाक लावून कौतुकाने बघणारं पोर त्याच्या लेखी पहिल्या दिवशी शिकारीच असतं. पोराचा त्यात दोष नाही, पक्ष्याचाही नाही.

प्रेमाला घाई असते. भीतीला नसते.

म्हणून पहिल्या आठवड्यात पक्ष्याला त्याचं त्याला राहू द्यावं. पैसे मोजून आणलेल्या, नाव ठेवून झालेल्या, शेजारीपाजारी सांगून झालेल्या पक्ष्याच्या बाबतीत हे फार जड जातं. तरी तेच करावं.

राहू देणं म्हणजे दुर्लक्ष मात्र नाही. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली हवी. चारही बाजू उघड्या असल्या की पाठ कुठे करावी हे पक्ष्याला उमगत नाही. उंची आपल्या छातीएवढी असावी, कारण जमिनीवरच्या पिंजऱ्यावरून माणसांच्या सावल्या सरकतात, आणि वरून येणारी सावली ससाण्याची असते हे बजीला कोणी शिकवावं लागत नाही. टीव्हीसमोर नको, थेट उन्हात नको. गॅलरीत तर नकोच, तिथे कावळे आहेत, मांजरं आहेत. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. दोन खोल्यांच्या घरात हे सांभाळणं कठीण आहे, मान्य. पण ते जमणार नसेल तर पक्षी आणू नये, असं मला स्पष्ट वाटतं. आणि दुकानात जे खात होता तेच पहिले काही दिवस द्यावं. राळे तर राळे, बाजरी तर बाजरी. सगळं बदललेलं असताना दाणा तरी ओळखीचा असावा.

त्या दाण्याच्या वाटीकडे जरा जवळून बघायला हवं. बजी दाणा चोचीत फिरवतो, टरफल सोलतो, गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. सोललेली टरफलं वाटीच्या वर साचतात. लांबून वाटी काठोकाठ भरलेली दिसते. हलकेच फुंकर मारावी. सोनेरी भुसा उडतो आणि खाली कधी चार दाणे असतात, कधी वाटीचा तळ. भरलेल्या वाटीशेजारी उपाशी बसलेला पक्षी हे नवशिक्या घरांत घडणारं खरं संकट आहे, आणि एवढ्या लहान देहाला एक-दोन दिवसांची उपासमारही झेपत नाही. नवा पक्षी आपल्यासमोर खात नाही, आपण वळलो की खातो. तेव्हा तो खातो का, हे वाटीला विचारू नये. पिंजऱ्याच्या तळाला कागद अंथरावा आणि रोज सकाळी तो बघावा. विष्ठा थोडी, गडद हिरवी, ओलसर दिसली तर पोट रिकामं आहे. माया म्हणजे बहुतेक वेळा असलं काहीतरी रोज न चुकता बघणं असतं.

*

भीती आणि शांतता लांबून सारख्याच दिसतात.

घाबरलेला पक्षी हलत नाही. पिसं अंगाशी घट्ट आवळलेली, मान लांब, देह बारीक झालेला, नजर एका जागी. "किती गुणी आहे, अगदी शांत बसतो," असं पाहुणे म्हणतात. पक्षी त्या क्षणी मरणाच्या तयारीत असतो. निवांत पक्ष्याची पिसं किंचित सैल असतात, एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला असतो. एका पायावर उभं राहायचं म्हणजे झटकन उडायची तयारी बाजूला ठेवायची. धोका असताना तो ती बाजूला ठेवत नाही. आणि निजण्याआधी बजी चोचीवर चोच घासतो. अगदी बारीक करकर असते ती. दिवेलागणीनंतर खोलीत बोलणं थांबलं तरच ऐकू येते. नव्या पक्ष्याची पहिली करकर ऐकू आली की घर त्याला पटू लागलं असं समजावं. तोवर समजू नये.

काही जण नव्या पक्ष्याला मुठीत धरून ठेवतात. आधी तो धडपडतो, चावतो, ओरडतो, मग हळूहळू थंडावतो. मूठ उघडली तरी बसून राहतो. याला सवय लावणं म्हणतात, आणि अनेक दुकानांत ते सर्रास दाखवलं जातं. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले होते. विजेचा धक्का चुकवताच येत नाही असा अनुभव ज्यांना आला, त्यांपैकी बरेच कुत्रे पुढे सुटकेची वाट समोर असतानाही धक्के सोसत पडून राहिले. मुठीतला पक्षी थंडावतो तेव्हा तो आपला झालेला नसतो. त्याने स्वतःला सोडून दिलेलं असतं. या दोन गोष्टींतला फरक ज्याला दिसत नाही त्याच्या हाती पक्षी देऊ नये. मी तर म्हणेन, मूलही जपून द्यावं.

पंख कापण्याचंही तेच. उडता येत नाही म्हणून जवळ राहणारा पक्षी जवळ राहतो आहे हे खरं, पण तो का राहतो याचं उत्तर आपण कात्रीने लिहिलेलं असतं. पिसं गळून नवी येतात तेव्हा उड्डाण परत येतं. त्या मधल्या काळात आपल्याला काय मिळालं, हे त्या दिवशी कळतं.

पक्षी जाऊ शकत असताना थांबला, तरच तो थांबला असं म्हणता येतं.

*

हाताची ओळख हात न वापरता करून द्यावी लागते. आधी पिंजऱ्याशेजारी रोज ठरल्या वेळी बसावं. पेपर वाचावा, भाजी निवडावी, हळू आवाजात बोलावं. पक्ष्याकडे टक लावून बघू नये. मग कधीतरी हात पिंजऱ्याच्या बाहेर, गजांजवळ टेकवून ठेवावा. पक्षी लांबच्या दांडीवर गेला तर हात मागे घ्यावा. इथेच सगळं शिक्षण आहे. तो दूर सरकला आणि हात खरोखरच मागे गेला, एवढ्यातून त्याला कळतं की या घरात आपल्या म्हणण्याला किंमत आहे. ज्याचा नकार ऐकला जातो त्याला चावावं लागत नाही. चावणारा पक्षी बहुधा आधी चार वेळा सौम्यपणे नाही म्हणालेला असतो. मान वळवली, पिसं आवळली, एक पाऊल बाजूला टाकलं, चोच उघडून दाखवली. पाचव्यांदा तो चावतो आणि आपल्याला पहिल्यांदाच ऐकू येतं.

मग एक दिवस राळ्याचं कणीस हातात धरून हात पिंजऱ्यात न्यावा. वरून नव्हे, समोरून आणि थोडं खालून. कणसाचं टोक लांब ठेवावं, म्हणजे बोटांपर्यंत यायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवता येतं. तो मान ताणतो, एक दाणा ओढतो, मागे सरतो, सोलतो. पुन्हा येतो. पुढच्या वेळी कणीस थोडं आखूड धरावं. शेवटी बोट त्याच्या पोटाशी, पायांच्या किंचित वर टेकवलं की तो एक पाय उचलून बोटावर ठेवतो, बोट भरवशाचं आहे का बघतो, मग दुसरा. त्या नखांचा स्पर्श ज्याने अनुभवला त्याला त्याचं वर्णन नको. कोमट, कोरडा आणि वजन जवळजवळ नसलेला. तेव्हा बोट हलवू नये. घरच्यांना हाकाही मारू नयेत. त्याला उतरून जाता यावं म्हणून दांडी जवळच ठेवावी, आणि तो उतरला तर उतरू द्यावं.

याला किती दिवस लागतात, असं सगळे विचारतात. घरट्यातून नुकताच बाहेर पडलेला, दीड-दोन महिन्यांचा पक्षी लवकर येतो. त्याच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत उतरलेल्या असतात आणि डोळा सगळा काळा दिसतो. तीन-चार महिन्यांचा झाल्यावर पहिली पिसं गळतात तेव्हा त्या रेघा मागे हटतात, पुढे बुबुळाभोवती फिकट कडं येतं. मोठ्या झालेल्या, माणसाचा वाईट अनुभव घेतलेल्या पक्ष्याला महिने लागतात. कधी तो येतच नाही. त्याचंही घर तेच असतं, दाणापाणी तेच, आणि त्याच्यावर रागवायचं काही कारण नसतं.

*

आपल्याकडे दुकानात लव्हबर्ड मागितला की बहुतेक वेळा बजीच हातात पडतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा. बजी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागातला. तिथे पाऊस ठरून पडत नाही, म्हणून बजीचा पत्ताही ठरलेला नाही. जिथे पाणी आणि गवताचं बी, तिथे थवा. कधी शेकडो, कधी हजारो, सगळे हिरवे, एकदम वळणारे. पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभरच्या दिवाणखान्यांत पसरले. निळे, पांढरे, पिवळे हे सगळे पिंजऱ्यातल्या पैदाशीतून निघालेले रंग. रंग बदलले, थवा काही अंगातून गेला नाही.

थव्यातल्या बजीची एक हाक असते, मी इथे आहे एवढंच सांगणारी. काही बजी एकत्र ठेवले की काही आठवड्यांत त्यांच्या हाका एकमेकींच्या जवळ जातात. जोडी जमताना नर मादीची हाक उचलतो. एकत्र राहायचं ठरलं की ते आवाज जुळवून घेतात. हे समजलं की पोपटाचं बोलणं निराळंच वाटायला लागतं. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा विक्रम गिनीज बुकात नोंदला गेला. लोक त्याला हुशारी म्हणतात, आणि ती आहेच. पण त्या प्रत्येक शब्दामागे थव्याशी जुळवून घेणाऱ्या पक्ष्याची धडपड आहे. थवा म्हणून त्याला माणसं मिळाली, तर तो माणसांची हाक उचलतो. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही एक कला मोजली आहे. शिकवणाऱ्याची कला मोजली गेली. शिकणाऱ्याने किती अंतर तोडलं, ते कोणी मोजलं नाही.

एकटा बजी लवकर माणसाळतो आणि जास्त बोलतो, असं जाणकार सांगतात. खरं आहे. त्याचं कारण सांगायचं मात्र ते टाळतात. दुकानाच्या पिंजऱ्यात तीस-चाळीस जणांत दाटीवाटीने बसलेला पक्षी एका संध्याकाळी एकटा पडतो, आणि एकटेपण असह्य झालं की तो जो मिळेल त्याच्याकडे वळतो. मग ते माणूस असो, घंटी असो, नाही तर आरसा. आरशातल्या पक्ष्याला दाणा भरवणारा बजी बघायला गोड वाटतो. मला ते बघवत नाही. तो उत्तर न देणाऱ्या सोबत्याची मनधरणी करत असतो, दिवसच्या दिवस. आरसा पिंजऱ्यातून काढून टाकावा. घरात दिवसभर कोणी असेल, त्याच्याशी बोलणारं, त्याला मोकळं सोडणारं, तर एकटा बजी चालेल. सकाळी आठला कुलूप लागून संध्याकाळी सातला उघडणाऱ्या घरात एकटा बजी आणणं हे मला क्रौर्य वाटतं, मग पिंजरा कितीही महागाचा असो.

*

कॅनरीला यातलं फारसं काही नको असतं.

अझोर, मदिरा आणि कॅनरी ही अटलांटिकमधली बेटं तिचं मूळ घर. पंधराव्या शतकात स्पॅनिश लोकांनी कॅनरी बेटं जिंकली आणि पक्षी युरोपात आणले. जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणकामगारांनी त्यांतून गोड गळ्याचे पक्षी निवडत निवडत चोच जवळजवळ मिटून गाणारी एक जात घडवली. रानातली कॅनरी हिरवट, रेघारेघांची. पिवळा रंग माणसाने निवडून निवडून आणलेला.

पाच शतकं माणसाजवळ राहूनही कॅनरीला माणसाचा हात आवडत नाही. बजीची कृती तिला लावणारे खूप आहेत, आणि मग "ही बसत नाही, हिला माया नाही" म्हणून खट्टू होतात. तिला उंच नव्हे, लांब पिंजरा हवा, कारण ती आडवी उडते. दोन नर एका पिंजऱ्यात भांडतात, म्हणून नराला एकटं ठेवावं. जे बजीच्या बाबतीत क्रौर्य ते इथे सोय. सगळ्यांवर सारखं प्रेम करायला निघालेला माणूस कोणावर तरी अन्याय करतोच.

मग कॅनरी घरात रुळली हे ओळखायचं कसं? उथळ ताटलीत पाणी ठेवून लांब बसावं. ती दांडीवरून एका डोळ्याने पाण्याकडे बघते, मग दुसऱ्या डोळ्याने. उतरते, काठावर थांबते, चोच बुडवून एक झटका देते. दोन थेंब उडतात. पुन्हा वर जाते. पुन्हा येते. आणि मग एकदम छाती पाण्यात घालते, पंख फडफडवते, डोकं बुडवून पाणी पाठीवर घेते, सगळीकडे शिंतोडे, भिंतीवरही. बाहेर येते तेव्हा अर्धी झालेली असते, पिसं चिकटलेली, मानेवर कातडी दिसणारी. भिजल्या पिसांनी नीट उडता येत नाही. रानात ही पक्ष्याच्या दिवसातली धोक्याची वेळ. ती वेळ तिने आपण खोलीत बसलेलो असताना निवडली, यापेक्षा अधिक विश्वास कॅनरीकडून मागू नये. बोटावर बसणं ही बजीची रीत आहे. कॅनरी समोर भिजते.

गाणं नराचं, आणि तेही बाराही महिने नाही. नव्या घरात आलेला नर कित्येक आठवडे मुका राहू शकतो. पिसं गाळण्याच्या काळात तर सगळेच गप्प होतात. लोक दुकानदाराकडे परत जातात, फसवलं म्हणतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नॉटेबोम यांनी १९८१ मध्ये दाखवलं की कॅनरीच्या मेंदूतली गाण्याची एक मुख्य जागा शरद ऋतूत आक्रसते आणि वसंतात जवळजवळ दुप्पट होते. पुढच्या संशोधनात तिथे नव्या चेतापेशीही सापडल्या. प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी तयार होत नाहीत, हा तोवरचा पक्का समज त्याने डळमळला. कॅनरी दर वर्षी गाण्यातले काही तुकडे टाकते, काही नवे घेते. म्हणजे ते मौन रिकामं नसतं. जुनं विसरायला आणि नवं जमवायला त्या एवढ्याशा डोक्यात चाललेलं काम असतं ते. गाणं ऐकायला पक्षी आणला असेल तर मौनासकट आणला आहे, हे आधीच मनाशी ठरवावं.

*

ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी नेत असत. ही सूचना शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांची, १८९० च्या दशकातली. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, हवा एकाच दिशेने वाहत राहते, म्हणून प्राणवायू जसा पटकन भिनतो तसं विषही. माणसाला कळायच्या आत कॅनरी दांडीवरून पडत असे. काही पिंजऱ्यांना वर प्राणवायूचं नळकांडं असे, पडलेल्या पक्ष्याला शुद्धीवर आणण्यासाठी. ते नळकांडं मला फार मोलाचं वाटतं. ज्याच्या जिवावर आपला जीव वाचतो त्याचा जीव वाचवायची सोय कोणीतरी केली होती. १९८६ मध्ये तिथे यंत्रं आली आणि पक्ष्यांची सुटका झाली.

तीच फुप्फुसं आपल्या स्वयंपाकघराशेजारी टांगलेली असतात. रिकामा तापत राहिलेला नॉनस्टिक तवा माणसाला दिसणार नाही असा धूर सोडतो आणि तेवढ्यात शेजारच्या खोलीतला पक्षी मरू शकतो. उदबत्ती, डास मारायची कॉइल, फवारे, फोडणीचा ठसका, हे सगळं त्याच्यापासून लांब ठेवायचं. देवघर आणि पिंजरा एका कोपऱ्यात असतील तर पिंजरा हलवावा. देवाला समजतं.

आणि पक्षी आजार लपवतो. थव्यात जो आजारी दिसतो तो आधी उचलला जातो, म्हणून दांडीवरून पडेपर्यंत तो धडधाकट दिसत राहतो. दिवसाढवळ्या पिसं फुलवून बसला, श्वासागणिक शेपटी वरखाली होऊ लागली, पिंजऱ्याच्या तळाशी उतरून बसला, की उद्याची वाट बघू नये. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारखी जागा आहे, पण पक्ष्यांचा डॉक्टर प्रत्येक गावात नसतो. तो शोधून ठेवणं हे पक्षी आणण्याच्या आधीचं काम.

*

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवरचा पोपट येतो. पोपट नळीवर बसतो, त्याच्याच भाराने ती फिरते, तो उलटा होतो आणि पडू या भीतीने तिला अधिकच घट्ट धरतो. कोणी बांधलेलं नसताना बांधला जातो. देहालाच मी समजून स्वतःचा वैरी होणाऱ्या माणसासाठी हा दृष्टांत अजोड आहे. पण पिंजऱ्याचं दार उघडून ठेवलं तरी आत बसून राहणाऱ्या बजीला तो लावू नये. त्याला भ्रम झालेला नसतो. या सगळ्या अनोळखी घरात त्याने तपासून घेतलेली तेवढी एकच जागा असते, आणि ती सोडण्याआधी तो बाहेरचं नीट बघून घेतो. यात मला शहाणपण दिसतं.

खिडक्या लावून घ्याव्यात, काचांवर पडदे ओढावेत, पंखा बंद, गॅस बंद, आणि दार उघडून वाट बघावी. पहिल्या दिवशी तो दारापर्यंत येऊन परत जातो. कधीतरी चौकटीवर बसतो. मग एकदा उडतो, दोन घिरट्या घालतो आणि पडद्याच्या दांडीवर धापा टाकत बसतो. आता त्याला पकडायला टॉवेल घेऊन धावू नये. आठवड्यांची कमाई दोन मिनिटांत जाते. दाणापाणी पिंजऱ्यातच असू द्यावं, अंधार पडत आला की खोलीतला दिवा मंद करावा आणि पिंजऱ्याजवळचा ठेवावा. तो परत येतो. उशिरा येतो, पण स्वतः येतो, आणि त्या दिवसापासून पिंजऱ्याच्या दाराचा अर्थ दोघांसाठीही बदलतो.

घराबाहेर सोडून देणं ही मात्र दया नव्हे. पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीला इथलं आकाश माहीत नाही, दाणा कुठे मिळतो माहीत नाही, आणि निळ्या-पिवळ्या रंगामुळे तो कावळ्यांच्या नजरेत लगेच भरतो. याच्या बरोबर उलट आपला मिठू. कित्येक घरांच्या ओसरीवर टांगलेला तो हिरवा पोपट झाडाच्या ढोलीतून पिल्लू असताना काढलेला असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याचं आकाश अजून डोक्यावर आहे, त्याचा थवा रोज संध्याकाळी त्याच्या पिंजऱ्यावरून ओरडत जातो. त्याला कितीही मिरच्या आणि पेरू भरवले तरी ती चोरीच. तो घरात असेल तर वनखात्याला कळवावं. खिडकीतून सोडून देऊ नये, कारण वर्षानुवर्षं पिंजऱ्यात बसलेल्या पक्ष्याला उडणं नव्याने शिकावं लागतं.

*

बोटावर येणाऱ्या एकट्या बजीला सोबती आणायचा का, हा प्रश्न त्या घरात कधी ना कधी येतोच. दुसरा आणला तर पहिला आपला राहणार नाही, असं सगळे सांगतात. बरंचसं तसं होतंही. दोघं एकमेकांत रमतात, शब्द शिकणं मागे पडतं, माणसाच्या खांद्यावर बसून केस ओढण्याचं वेड ओसरतं. तरी आणावा. इतके दिवस त्याच्या इच्छेला मान दिला असं आपण म्हणत असू, तर ही त्याची सर्वांत मोठी इच्छा आहे, आणि ती आपल्या सोयीची नाही म्हणून ऐकायची राहून गेली आहे.

दुसरा पक्षी आणला की निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा. पोपटांच्या जातीतून माणसालाही होणारा सिटॅकोसिस नावाचा ताप असतो, इतरही आजार असतात. म्हणून वाट्या वेगळ्या, आधी जुन्याचं दाणापाणी करायचं, मग नव्याचं, मग हात धुवायचे. या महिन्यात दोघं एकमेकांना दिसत नाहीत, पण ऐकू येतात. पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून हाक येते आणि इकडचा बजी, जो इतके दिवस मिक्सरच्या आवाजाला आणि मोबाइलच्या घंटीला उत्तर देत होता, तो मान वळवून ताडकन उभा राहतो आणि उत्तर देतो. मग दिवसभर तेच. नव्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं असतं, कारण जुन्याचा विश्वास त्याला आयता मिळत नाही. फरक एवढाच की पुढे पिंजरे शेजारी आले, की आपल्या बोटावर चढून बसलेल्या जुन्या पक्ष्याकडे नवा लांबून बघत असतो. एक दिवस कणीस धरलेल्या हातावर दोघं येतात, एकाच कणसावरून भांडतात, आणि नवा तेवढ्या गडबडीत आपल्या अंगठ्यावर पाय देऊन उभा राहतो.